निनावी लिहायचंय? आधी ठरवा, कोणापासून

ऑगस्ट २०२३मध्ये केंद्राने कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लावलं, डिसेंबरात निर्यातच बंद केली, आणि नाशिक जिल्ह्यात लासलगाव-पिंपळगावपासून सटाण्यापर्यंत प्रत्येक कांदाचाळीपुढे दुसरा विषय उरला नाही. पारावर बोलायला सगळे होते, लिहायला मात्र मोजके. ज्याचं पीककर्ज सोसायटीकडे आहे, ज्याची सून आश्रमशाळेत कंत्राटावर आहे, ज्याचा माल दर हंगामात त्याच अडत्याकडे जातो, तो माणूस गावच्या ग्रुपवर चार ओळी टाइप करतो, दोनदा वाचतो आणि पुसून टाकतो. नाशिक शहरात सिंहस्थ कुंभमेळ्याच्या कामांवरून, तपोवनातल्या झाडांवरून वाद पेटतो तेव्हाही हेच होतं. सातपूरच्या कारखान्यातला कामगार किंवा महापालिकेच्या ठेकेदाराकडे काम करणारा अभियंता सगळं वाचतो, मत त्यालाही असतं, पण त्याचं बोट ‘पोस्ट’च्या बटणावर थांबतं.

अशा माणसाला पोलिसांचं भय क्वचितच असतं. उद्या सकाळी सोसायटीच्या सचिवासमोर किंवा शिफ्ट सुपरवायझरसमोर उभं राहायचंय, हे त्याचं भय. हा फरक नीट लक्षात घेतला तर निनावी लिहिण्याचा अर्धा गुंता सुटतो, कारण सचिवापासून ओळख झाकायला लागतं ते वेगळं आणि सरकारी तपासयंत्रणेपासून झाकायला लागतं ते वेगळं. पहिलं जमण्याजोगं आहे. दुसरं जवळपास अशक्य आहे, आणि कायद्याच्या चौकटीत मत मांडणाऱ्याला सहसा त्याची गरजही पडत नाही.

निनावी लिहिणारा भेकड, हा समज आपल्याकडे फार पक्का आहे. तो चुकीचा आहे. मराठीत समाजावर आणि राज्यकर्त्यांवर सडेतोड लिहिण्याची सुरुवात ज्या लेखनातून झाली असं आपण मानतो, ती ‘शतपत्रे’ १८४८पासून ‘प्रभाकर’ साप्ताहिकात ‘लोकहितवादी’ या टोपणनावाने छापली गेली. लिहिणारे गोपाळ हरी देशमुख तेव्हा इंग्रज सरकारच्या नोकरीत होते. आणि आजच्या लोकशाहीचा पायाच मुळात निनावी मतावर उभा आहे: मतदान गुप्त असतं. पूर्वी कोणालाच मत द्यायचं नसेल तर तशी नोंद केंद्रावरच्या नोंदवहीत करावी लागे, म्हणजे कोणी मत नाकारलं ते तिथे बसलेल्या सगळ्यांना कळे. सर्वोच्च न्यायालयाने २७ सप्टेंबर २०१३च्या निकालात ही पद्धत मोडीत काढली आणि यंत्रावर ‘नोटा’चं बटण आलं. मत नाकारणाऱ्याचंही नाव झाकलेलं राहिलं पाहिजे, हे न्यायालयाने थेट अभिव्यक्तिस्वातंत्र्याशी जोडलं.

सगळे धागे मोबाइल नंबरला

आपल्याकडे निनावी खात्याचा सगळ्यात कच्चा दुवा म्हणजे मोबाइल नंबर. सिम आधार किंवा दुसऱ्या ओळखपत्रावर मिळतं, बँक खातं त्याच नंबरला जोडलेलं असतं, आणि बहुतेक ॲप खातं उघडताना तोच मागतात. त्यामुळे नंबर हाती लागला की नाव शोधायला कोणाची परवानगी लागत नाही. कोणत्याही यूपीआय ॲपमध्ये तो नंबर टाकून पाहा: पैसे पाठवायच्या आधीच खातेदाराचं बँकेतलं पूर्ण नाव समोर येतं. एक रुपयाही खर्च होत नाही. ट्रूकॉलरवर टोपणनाव लावून काही साधत नाही ते यामुळेच.

म्हणून पहिला नियम हा की ज्यांच्यापासून ओळख झाकायची त्यांना नंबर दिसता कामा नये. व्हॉट्सॲप ग्रुप इथेच बाद होतो. ग्रुपमध्ये १०२४ जण असू शकतात आणि प्रत्येकाला प्रत्येकाचा नंबर दिसतो. डीपीवर शेताचा फोटो आणि नावाच्या जागी ‘एक शेतकरी’ असं लिहिल्याने काही झाकलं जात नाही. व्हॉट्सॲपचं चॅनेल वेगळं असतं, तिथे चालवणाऱ्याचा नंबर वाचकांना दिसत नाही आणि वाचकांचे नंबर एकमेकांना दिसत नाहीत.

टेलिग्राममध्ये नंबर आपोआप झाकला जाईल असं धरून चालू नका. सेटिंग्जमध्ये ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’, मग ‘फोन नंबर’ इथे जाऊन ‘नोबडी’ निवडा. तसं केल्यावर खाली दुसरा प्रश्न उघडतो, नंबरवरून तुम्हाला कोण शोधू शकेल हा. तिथे ‘माय कॉन्टॅक्ट्स’ करा. हा दुसरा प्रश्न बरेच जण सोडून देतात, आणि मग ज्याच्या फोनमध्ये तुमचा नंबर जतन आहे त्याला तुमचं टोपणनावाचं खातं अलगद सापडतं. शिवाय टेलिग्रामच्या साध्या गप्पा आणि ग्रुप टोकापासून टोकापर्यंत कुलूपबंद नसतात, म्हणजे पाठवणारा आणि वाचणारा सोडून कोणालाच वाचता येणार नाही असं नसतं, ती सोय फक्त ‘सीक्रेट चॅट’मध्ये असते. सप्टेंबर २०२४पासून कायदेशीर मागणी आली तर आपण नंबर आणि आयपी पत्ता (इंटरनेटवर तुमची जोडणी ओळखणारा आकडा) देऊ शकतो, असं कंपनीने नियमांत जाहीरपणे लिहिलं आहे.

सिग्नलमध्ये फेब्रुवारी २०२४पासून युजरनेमची सोय आहे. ‘प्रायव्हसी’मधल्या ‘फोन नंबर’ या भागात दोन्ही प्रश्नांना ‘नोबडी’ करता येतं. मग समोरच्याशी बोलताना नंबर दिसत नाही आणि नंबरवरून कोणी शोधूही शकत नाही. सिग्नलकडे खातं कधी उघडलं आणि शेवटचं कधी जोडलं गेलं, जवळपास एवढीच नोंद असते. चार-पाच विश्वासू माणसांच्या चर्चेला हे उत्तम. हजारोंपर्यंत मत पोचवायचं असेल तर मात्र एक्स, इन्स्टाग्राम, यूट्यूब अशा उघड मंचावरच यावं लागतं. एक्सवर खातं ईमेलवर उघडा आणि ‘प्रायव्हसी अँड सेफ्टी’मधल्या ‘डिस्कव्हरेबिलिटी अँड कॉन्टॅक्ट्स’मध्ये ईमेल व फोनवरून शोधण्याच्या खुणा काढून टाका. नोव्हेंबर २०२५पासून एक्सवर कोणाच्याही खात्याच्या सुरुवातीच्या तारखेवर बोट ठेवलं की ते खातं कोणत्या देशातून चालतं आणि त्याने नाव किती वेळा बदललं तेही दिसतं.

नव्या खात्यासाठी ईमेल नवा घ्या, आणि तो परत मिळवण्यासाठीचा पर्यायी पत्ता म्हणून आपला नेहमीचा ईमेल देऊ नका. कारण साधं आहे. कोणीही ‘पासवर्ड विसरलो’ दाबून पाहिलं तर पडद्यावर जोडलेल्या ईमेलची पहिली अक्षरं किंवा नंबरचे शेवटचे दोन आकडे दिसू शकतात. गावात संशय तीन माणसांवर असेल तर दोन आकडे पुरतात. दोन टप्प्यांची सुरक्षा चालू करा, पण एसएमएसवर न ठेवता फोनमध्येच कोड तयार करणाऱ्या ऑथेंटिकेटर ॲपवर ठेवा आणि सोबत मिळणारे राखीव कोड कागदावर उतरवून घरात ठेवा.

दुसऱ्याच्या कागदपत्रांवर सिम घ्यायचं मात्र मनातही आणू नका. दूरसंचार अधिनियम २०२३नुसार खोट्या ओळखीने सिम मिळवण्याला ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. तुमचं मत पूर्ण कायदेशीर असलं तरी ते मांडण्याची वाट गुन्ह्याची होऊन बसते.

संपर्कयादीची परवानगी हा आणखी एक दगा. निनावी खात्याचं ॲप ‘कॉन्टॅक्ट्स’ वाचू का असं विचारतं, आपण सवयीने ‘अलाउ’ करतो, आणि आठवड्याभरात मेहुण्याच्या फोनवर ‘यांना ओळखता का?’ या यादीत ‘गोदाकाठचा आवाज’ झळकतो. तुम्ही परवानगी नाकारली आणि मेहुण्याने दिली, तरी तुमचा नंबर त्याच्या यादीतून कंपनीकडे गेलेलाच असतो. म्हणून खात्याला नंबर जोडलेला नसणं महत्त्वाचं. अँड्रॉइडच्या बऱ्याच फोनमध्ये दुसरा युजर उघडता येतो. तिथे रिकामी संपर्कयादी आणि वेगळा ब्राउझर ठेवला की सरमिसळ टळते, आणि चुकून खऱ्या खात्यावरून पोस्ट टाकण्याचा घोळही टळतो. हा घोळ वाटतो त्यापेक्षा फार जास्त वेळा होतो.

स्क्रीनशॉट, फोटो आणि बोलण्याची लकब

तांत्रिक बंदोबस्त चोख ठेवूनही माणसं ओळखली जातात, ती बारीकसारीक गोष्टींनी. स्क्रीनशॉटच घ्या. स्थानिक ग्रुपमध्ये कोण्या पुढाऱ्याने काही आक्षेपार्ह लिहिलं आणि तुम्ही त्याचा स्क्रीनशॉट निनावी खात्यावर टाकला. त्यात काय काय दिसतं? वरच्या पट्टीत मोबाइल कंपनीचं नाव, वेळ, बॅटरीचा आकडा, आणि आत्ताच आलेल्या सूचनांची चिन्हं, समजा मुलाच्या शाळेच्या ॲपचं. व्हॉट्सॲपमध्ये फोन ज्याचा त्याचे संदेश उजव्या बाजूला दिसतात, म्हणजे त्या चित्रात उजवीकडे एक जरी ‘ओके सर’ असेल तर तो कोणी लिहिला हे ग्रुपमध्ये जाऊन पाहिलं की झालं. आणि सगळ्यात घातक म्हणजे नावं. ग्रुपमधल्या माणसांची नावं ज्याच्या-त्याच्या फोनमध्ये जशी जतन केलेली तशी दिसतात. स्क्रीनशॉटमध्ये सरपंचांच्या नंबरावर ‘बाळूमामा सिन्नर’ दिसलं, तर पाचशे जणांच्या ग्रुपात त्यांना मामा म्हणणारे भाचे तीनच निघतात. काळी रेघ ओढून नाव झाकायचं असेल तर हायलायटरच्या पेनाने झाकू नका, उजेड वाढवला की खालची अक्षरं वर येतात. चित्र सरळ कापा, नाहीतर मजकूर स्वतः नव्याने टाइप करा.

फोटोचंही तसंच. मोबाइलने काढलेल्या फोटोच्या फाइलमध्ये वेळ, फोनचं मॉडेल आणि लोकेशन चालू असेल तर अक्षांश-रेखांशही लिहिलेले असतात. मोठे मंच ही माहिती वाचकांपुढे येऊ देत नाहीत आणि व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला तरी ती काढून टाकली जाते. पण दर्जा टिकावा म्हणून तोच फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर सगळी माहिती जशीच्या तशी पलीकडे जाते. पत्रकाराला किंवा कार्यकर्त्याला गच्चीवरून काढलेला खड्ड्याचा फोटो देताना नेमकं हेच केलं जातं, आणि त्या अक्षांश-रेखांशाने पाठवणाऱ्याच्या घराची गच्ची सापडते. कॅमेऱ्याच्या सेटिंगमधलं लोकेशन बंद ठेवणं हा एका मिनिटाचा उपाय आहे. वर्डमध्ये लिहून पीडीएफ केलेल्या पत्रकातही संगणकाच्या मालकाचं नाव ‘ऑथर’ म्हणून जाऊ शकतं. तेही तपासून घ्या. यूट्यूब किंवा इन्स्टाग्रामच्या ‘शेअर’ बटणाने मिळणाऱ्या छोट्या लिंकमध्ये प्रश्नचिन्हानंतर जी अक्षरांची माळ असते, ती लिंक कोणी वाटली याचा माग लावण्यासाठी असते. ती खोडून उरलेला दुवा चिकटवला तरी व्हिडिओ उघडतो.

माहिती अधिकाराची गंमत वेगळीच आहे. निनावी खात्यावर रस्त्याच्या निविदेची प्रत टाकली. ती प्रत माहिती अधिकारात मिळालेली, आणि तो अर्ज नाव-पत्त्यासह केलेला. त्या कार्यालयात तो अर्ज एकानेच केला असेल तर जनमाहिती अधिकाऱ्याला विचार करायला चहा संपेपर्यंतचा वेळही लागत नाही. अशी कागदं आपल्या नावानेच मांडावीत, किंवा एखाद्या संघटनेमार्फत.

वेळाही बोलतात. रोज दुपारी साडेतीननंतर तासाभरात पोस्ट येतात, एखाद्या आठवड्यात त्या रात्री अकरानंतर सरकतात, मग एकदम बंद: ही तीन पाळ्यांच्या कारखान्याची लय आहे हे अंबड औद्योगिक वसाहतीतल्या कोणालाही कळेल. पोस्ट लिहून ठेवा आणि वेळ लावून सोडा. कंपनीचा फोन, कंपनीचा लॅपटॉप आणि कंपनीचं वायफाय या खात्यासाठी कधीच वापरू नका. तुम्ही काय लिहिलं ते वायफाय चालवणाऱ्याला दिसत नसलं तरी कोणत्या साइटवर किती वाजता गेलात हे दिसू शकतं.

भाषा तर अंगठ्याच्या ठशासारखी. ‘व्हतं’, ‘इकून-तिकून’, वाक्याच्या शेवटी तीन टिंबं, ‘आणि’ऐवजी दर वेळी ‘व’, एखादा शब्द कायम चुकीच्या ऱ्हस्व-दीर्घाने. बागलाणातला माणूस लिहिताना अहिराणीचा एखादा शब्द नकळत सोडून जातो. ग्रुपवर तुमचं लेखन पाच वर्षं वाचलेला शेजारी हे ओळखतो. अशा माणसांपासून झाकायचं असेल तर निनावी खात्यावर वाक्यं आखूड ठेवा, आवडते वाक्प्रचार टाळा, टाकण्याआधी एकदा परक्या डोळ्यांनी वाचा.

तुकड्यातुकड्याने दिलेली माहितीही शेवटी एकत्र येते. अमेरिकेत संगणकशास्त्रज्ञ लतान्या स्वीनी यांनी २०००मध्ये दाखवलं की फक्त पिनकोड, जन्मतारीख आणि लिंग एवढ्यावरून तिथल्या ८७ टक्के लोकांची ओळख एकमेव ठरू शकते. आता तुमच्या खात्याच्या वर्षभराच्या पोस्ट पाहा: एकीत निफाड तालुका, दुसरीत ‘आमच्या चार एकर थॉमसनवर डावणी आली’, तिसरीत मुलगी पुण्याला शिकते, चौथीत ग्रामपंचायतीला थोडक्यात पडलो. चार पोस्ट, एक माणूस. द्राक्षाचं दुःख खऱ्या खात्यावर सांगा, धोरणावरची टीका निनावी खात्यावर करा. दोन्ही एका जागी नकोत.

आणि तरीही बहुतेक गुपितं फोनमुळे फुटत नाहीत. लिहिणाराच एकाला विश्वासात घेतो, तो त्याच्या मित्राला सांगतो, आणि गोष्ट षट्कर्णी होते. पोस्ट गाजते तेव्हा ‘ते मीच लिहिलं’ हे सांगायची ओढ फार मोठी असते.

व्हीपीएनने काय होतं आणि काय होत नाही

‘इन्कॉग्निटो’ विंडो तुमच्या फोनमधला इतिहास ठेवत नाही, एवढंच तिचं काम. साइटला, वायफायवाल्याला आणि मोबाइल कंपनीला तुम्ही तसेच दिसता. व्हीपीएन घेतला तर मोबाइल कंपनीला फक्त व्हीपीएनशी जोडणी दिसते आणि साइटला व्हीपीएनचा पत्ता दिसतो. पण सगळं पाहण्याची जागा नाहीशी होत नाही, ती मोबाइल कंपनीकडून व्हीपीएन कंपनीकडे सरकते. भारतात व्हीपीएन वापरणं हा सर्वसाधारणपणे गुन्हा नाही. मात्र सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२च्या निर्देशांनुसार व्हीपीएन पुरवणाऱ्यांनी ग्राहकाचं नाव, पत्ता, संपर्क, दिलेले आयपी पत्ते अशी माहिती ५ वर्षं ठेवायची आहे. त्यानंतर काही परदेशी कंपन्यांनी भारतातले सर्व्हरच हलवले. फुकटचा व्हीपीएन घेऊ नका, त्याचा खर्च कोणीतरी तुमच्या माहितीतून वसूल करत असतो.

टॉर ब्राउझर तुमची जोडणी स्वयंसेवकांच्या तीन संगणकांतून नेतो. पहिल्याला तुम्ही कोण ते कळतं पण कुठे चाललात ते कळत नाही, तिसऱ्याला कुठे ते कळतं पण कोण ते कळत नाही. वेग कमी मिळतो आणि काही साइट त्याला अडवतात. पण टॉर उघडून त्यात आपल्या रोजच्या ईमेलने लॉगिन केलं तर सगळी खटपट वाया. ही चूक नवखे हमखास करतात. सोसायटीच्या सचिवापासून झाकायला यातलं काहीही लागत नाही, हे मात्र पुन्हा सांगायला हवं.

पोलीस माग कसा काढतात

तक्रार झाली की सायबर पोलीस त्या मंचाला नोटीस देतात. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ९४ आणि २०२१चे माहिती तंत्रज्ञान नियम त्यांच्या हाती असतात. त्या नियमांनुसार लेखी आदेश मिळाल्यापासून ७२ तासांत मंचाने माहिती द्यायची असते. मंचाकडून नोंदणीचा ईमेल, नंबर आणि लॉगिनचे आयपी पत्ते येतात. मग मोबाइल कंपनीला विचारलं जातं: या सेकंदाला हा पत्ता कोणाकडे होता? कंपन्यांनी अशा नोंदी किमान २ वर्षं ठेवायच्या, अशी परवान्यातली अट डिसेंबर २०२१पासून आहे. तिथून नाव आणि पत्ता निघतो.

ही साखळी वाटते तितकी अचूक नसते. पत्त्यांचा तुटवडा असल्याने मोबाइल कंपन्या एकाच सार्वजनिक आयपीवरून एका वेळी अनेक ग्राहकांना बाहेर सोडतात. नेमका ग्राहक ठरवायला पोर्ट नंबर (एकाच आयपीवरच्या जोडण्या वेगळ्या ओळखणारा आकडा) आणि सेकंदापर्यंतची वेळ लागते. मंचांच्या नोंदी बहुधा जागतिक प्रमाणवेळेत असतात, आपण साडेपाच तास पुढे. हा हिशेब चुकला तर दुसऱ्याच घराची कडी वाजते. २००७मध्ये ऑर्कुटवर छत्रपती शिवाजी महाराजांबद्दल आलेल्या आक्षेपार्ह मजकुरावरून पुणे पोलिसांनी बंगळुरूच्या एका तरुण संगणक अभियंत्याला अटक केली. इंटरनेट कंपनीने दिलेला आयपीचा तपशील चुकीचा होता. ते कळेपर्यंत तो निरपराध माणूस ५० दिवस तुरुंगात होता. माग काढण्याची ताकद वाढवा म्हणणाऱ्या प्रत्येकाने हे प्रकरण आधी वाचावं.

मत, तोतयेगिरी आणि धमकी

निनावी आणि तोतया यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. स्वतःचं नाव न सांगणं हा गुन्हा नाही. दुसऱ्याचं नाव, फोटो लावून तो असल्याचं भासवणं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६क आणि ६६ड कलमांखाली येऊ शकतं, शिक्षा ३ वर्षांपर्यंत. नगरसेवकावर विडंबन करायचं असेल तर ते विडंबन आहे हे खात्याच्या नावातच दिसू द्या. नाव लपवून धमकी देण्याला भारतीय न्याय संहितेच्या ३५१(४)मध्ये मूळ शिक्षेवर आणखी २ वर्षांपर्यंतची कैद आहे. तिथे निनावीपणाने गुन्हा हलका होत नाही, वाढतो.

कठोर टीकेला मात्र घटनेच्या १९(१)(अ)चं संरक्षण आहे. ती रोखता येते फक्त १९(२)मधल्या कारणांनी: देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था, बदनामी, गुन्ह्याला चिथावणी अशी ती यादी आहे, आणि ‘आमच्या भावना’ किंवा ‘शहराची प्रतिमा’ तिच्यात नाही. २०१२मध्ये बंदवर प्रश्न विचारणारी फेसबुक पोस्ट आणि तिला दिलेलं लाइक यावरून पालघरमध्ये दोन तरुणींना अटक झाली. त्यानंतरच्या याचिकेवर २४ मार्च २०१५ला सर्वोच्च न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६अ हे कलमच रद्द केलं. चर्चा आणि मताचा पुरस्कार कितीही बोचरा असला तरी चालतो, चिथावणीपाशी रेघ लागते, असं त्या निकालाने सांगितलं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका प्राध्यापकाने ३७० कलम हटवल्याच्या दिवसाला व्हॉट्सॲप स्टेटसवर ‘काळा दिवस’ म्हटलं म्हणून झालेला गुन्हाही ७ मार्च २०२४ला सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. सरकारच्या निर्णयावर नाराजी व्यक्त करणं हा नागरिकाचा हक्क, हा त्याचा गाभा.

बदनामीपासून वाचायचं तर विशेषणं कमी आणि तपशील जास्त. ‘अमका चोर आहे’ हे सिद्ध करावं लागतं. ‘अमुक रस्ता आठ महिन्यांत उखडला, दोषदायित्व कालावधी संपलेला नाही, तरी ठेकेदाराकडून दुरुस्ती का करून घेतली नाही?’ हे लोकसेवकाच्या कामावरचं प्रामाणिक मत ठरतं, आणि अशा मताला न्याय संहितेच्या बदनामीच्या ३५६व्या कलमातच अपवाद दिला आहे. ‘मी लिहिलं नाही, फक्त फॉरवर्ड केलं’ हा बचाव टिकेल असं समजू नका. ग्रुप ॲडमिनबद्दल मात्र दिलासा आहे: सदस्याने टाकलेल्या मजकुराला ॲडमिन आपोआप जबाबदार नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१मध्ये म्हटलं. निवडणुकीत छापील पत्रकाला वेगळा नियम आहे. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या १२७अ कलमाने त्यावर मुद्रक-प्रकाशकाचं नाव लागतंच.

सरकारी नोकरांची गोष्ट वेगळी, आणि इथे खोटा धीर देणं बरं नाही. टपाल, आयकर अशा केंद्रीय खात्यांतल्या कर्मचाऱ्यांना लागू असलेल्या १९६४च्या वर्तणूक नियमांतला नववा नियम स्वतःच्या नावाने, निनावी किंवा टोपणनावाने केलेल्या सरकारी धोरणावरच्या प्रतिकूल टीकेलाही मनाई करतो. राज्य सरकारनेही जुलै २०२५मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांच्या समाजमाध्यमांच्या वापरावर निर्बंध घातले. ओझरचा विमान कारखाना, नाशिकरोडच्या नोटप्रेस यांचे आपापले नियम आहेत. म्हणजे जिल्हा परिषदेच्या शिक्षकाचं निनावी खातं उघडं पडलं तर फौजदारी गुन्हा नसूनही खात्यांतर्गत चौकशी लागू शकते. संघटनेच्या व्यासपीठावरून सामूहिक निवेदन देणं त्यांच्यासाठी जास्त सुरक्षित.

नोटीस आली तर

सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत पोलिसांनी सहसा आधी नागरिक सुरक्षा संहितेच्या ३५(३) कलमाखाली हजर राहण्याची नोटीस द्यायची असते. ती व्हॉट्सॲपवर बजावलेली चालत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २१ जानेवारी २०२५ला स्पष्ट केलं. तरी तिच्याकडे दुर्लक्ष करू नका, वकिलामार्फत लेखी उत्तर द्या आणि पोच घ्या. मागोमाग मार्च २०२५मध्ये एका खासदाराच्या कवितेवरच्या प्रकरणात न्यायालयाने म्हटलं की बोलण्या-लिहिण्याबद्दलच्या अशा तक्रारींत, जिथे शिक्षा ३ वर्षं किंवा जास्त पण ७ वर्षांपेक्षा कमी आहे, तिथे गुन्हा नोंदवण्याआधी १७३(३)खाली १४ दिवसांत प्राथमिक चौकशी करणं योग्य. हा निकाल उत्तरात जोडायला वकिलाला सांगा. नोटिशीत अजूनही ६६अ लिहिलेलं दिसलं तर ते कलम अस्तित्वात नाही, आणि त्याखाली कोणावर खटला चालवू नये असा आदेश न्यायालयाने १२ ऑक्टोबर २०२२ला दिला आहे.

फोन मागितला तर जप्तीचा पंचनामा आणि त्याची प्रत मागा. घाबरून पोस्ट किंवा खातं पुसू नका. तक्रारदाराकडे स्क्रीनशॉट असतोच, पुसल्याने तुमच्याकडचा पूर्ण संदर्भ तेवढा जातो आणि पुरावा नष्ट केल्याचा आरोप मात्र चिकटतो. पोस्टची लिंक, तारीख, वेळ आणि आधीची-नंतरची चर्चा जतन करा. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा किंवा १५१०० या निःशुल्क क्रमांकावर फोन करा. महिला, अनुसूचित जाती-जमातींचे लोक आणि कोठडीत असलेल्यांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

असं काही चालू नसताना खातं बंद करायचं असेल तर खुशाल करा. फक्त एक ठाऊक असू द्या: २०२१च्या नियमांनुसार तुमची नोंदणीची माहिती मंचाला त्यानंतरही १८० दिवस ठेवावी लागते.